नव्या ताईच्या हाती जुनी वही नको

(भाईंदर पूर्वेच्या खारी भागातील आशाताईंच्या गटाने सामुदायिक रेडिओवर केलेले भाषण)

आम्ही खारीत घरोघर फिरणाऱ्या आशाताई. कागदोपत्री आम्ही कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहोत. पण काम तर रोजचंच आहे, आणि आमच्यातही जुन्या ताया थांबतात, नव्या येतात. कुणाचं घर विरारला जातं, कुणाला दुसरी नोकरी लागते, कुणाची तब्येत साथ देत नाही. मग एखाद्या सोमवारी एक नवी ताई खांद्याला पिशवी अडकवून दारात उभी राहते आणि विचारते, “ताई, मी काय करू?”

आजचं बोलणं त्या प्रश्नाबद्दल आहे. नव्या बाईला आपण काय शिकवतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जे शिकवतो ते आजचं आहे का? ऐकणाऱ्यांमध्ये पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या आहेत, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात काम करणाऱ्या आहेत, पार्लरवाल्या आहेत, बालवाडीच्या बाई आहेत. नवं माणूस सगळ्यांकडेच येतं. आम्ही आमच्या कामातली उदाहरणं देऊ, तुम्ही ती आपापल्या कामाशी लावून बघा.

आमच्याकडे सरकारी प्रशिक्षण असतं. पुस्तिका मिळतात, तक्ते मिळतात. पण प्रशिक्षणाची तुकडी भरेपर्यंत नवी ताई काही घरी बसून राहत नाही. पहिले काही आठवडे ती शिकते ती जुन्या ताईच्या मागे फिरून आणि जुन्या ताईची वही वाचून. या वहीला आमच्यात फार मान. लसीकरणाचं वेळापत्रक, योजनांच्या अटी, फोन नंबर, कुठल्या चाळीत कुणाला आधी विचारायचं, सगळं तिच्यात. एक ताई गेली की वही दुसरीकडे जाते, तिची झेरॉक्स तिसरीकडे जाते. अक्षर सुंदर, समासही आखलेला. पण वही लिहिली त्या दिवशी खरी होती, म्हणून आजही खरी आहे असं नाही.

लसीकरणाचंच घ्या. दहा-बारा वर्षांपूर्वी महाराष्ट्रात बाळ नऊ महिन्यांचं झालं की एक सुई असायची, गोवरची. सोबत जीवनसत्त्व ‘अ’चा डोस. आईला सांगायला सोपं होतं, “नऊ महिन्यांना एकच टोचायचं, मग दीड वर्षाला या.”

आता पुढे काय काय बदललं ते बघा. २०१८ च्या नोव्हेंबरात आपल्या राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, आणि नुसत्या गोवरच्या लसीच्या जागी गोवर-रुबेला आली. २०१९ मध्ये जुलाबावरची रोटाव्हायरस लस महाराष्ट्रात सुरू झाली, ती तोंडाने द्यायची. २०२१ मध्ये न्यूमोनियावरची पीसीव्ही आली. १ जानेवारी २०२३ पासून पोलिओच्या सुईचा तिसरा डोस नऊ महिन्यांना वाढला. गरोदर बाईला आपण ‘टीटी’ म्हणायचो, तेही २०१९ पासून ‘टीडी’ झालं. धनुर्वातासोबत घटसर्पापासूनही संरक्षण.

म्हणजे आज नऊ महिन्यांच्या बाळाला किती सुया? गोवर-रुबेलाची एक, पीसीव्हीच्या बूस्टरची एक आणि पोलिओची एक. तीन. जुन्या वहीत एक, आज तीन.

समजा, नव्या ताईने जुनी वही पाठ केली आणि एका आईला सांगितलं, “एकच सुई आहे वहिनी, या बिनधास्त.” ती आई कामावर अर्धा दिवस खाडा करून, कडेवर बाळ घेऊन आली. सिस्टरने एक सुई दिली, दुसरी भरली, तिसरी काढली. आई घाबरणारच. “हे काय, माझ्या बाळावर प्रयोग चाललाय का?” म्हणून ती बाळ उचलून निघाली तर तिला दोष कसा द्यायचा? तिला सांगितलेलं एक आणि समोर दिसलेलं वेगळं. त्या दिवशी बाळाच्या दोन लसी राहतात. पुढच्या वेळी ती दार उघडत नाही, आणि शेजारणीलाही सांगते की, या बायकांना काही माहीत नसतं. नव्या ताईची मेहनत कमी नव्हती, बोलणं गोड होतं. तिच्या हाती दिलेला कागद शिळा होता, एवढंच.

आमच्या भागात तर आणखी एक अडचण आहे. भाड्याची घरं अकरा महिन्यांच्या कराराची. कुटुंबं येतात, जातात. उत्तर प्रदेशातून आलेल्या बाळाच्या कार्डावर कधी जपानी मेंदूज्वराची लस नोंदलेली असते, आपल्या तक्त्यात ती दिसत नाही. नवी ताई गोंधळते, कार्डच चुकीचं आहे असं समजते. खरं म्हणजे ती लस ठरावीक जिल्ह्यांतच देतात, कार्ड बरोबर असतं. ही गोष्ट कुठल्याही मोठ्या तक्त्यात शोधून चटकन सापडत नाही. ती आमच्याच वहीत हवी, कारण अशी कार्डं आमच्याच दारांत येतात.

आता पैशाची गोष्ट. प्रधानमंत्री मातृवंदना योजना २०१७ साली सुरू झाली तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी पाच हजार रुपये तीन हप्त्यांत मिळायचे. एक हजार, दोन हजार, दोन हजार. एप्रिल २०२२ पासून नियम बदलला. पहिल्या बाळासाठी तेच पाच हजार, पण दोन हप्त्यांत, तीन आणि दोन. आणि दुसरं अपत्य मुलगी झाली तर सहा हजार, एकाच हप्त्यात. पात्रतेच्या अटी आहेत, अर्जाला मुदत आहे.

जुनी वही काय सांगते? “फक्त पहिल्या बाळाला.” ती वाचून एखादी ताई दुसऱ्या मुलीच्या आईला सांगून बसली की तुम्हाला काही मिळत नाही, तर ती आई पुन्हा विचारायला येत नाही. मुदत निघून जाते. दुसरीही मुलगीच झाली म्हणून आधीच घरात तोंडं पाडलेली असतात, तिथे हे सहा हजार नुसते पैसे नसतात. त्या लेकीच्या नावाने घरात आलेला मान असतो. तो एका जुन्या ओळीने जाऊ शकतो.

क्षयरोगाच्या औषधोपचारात असलेल्यांना सकस आहारासाठी महिन्याला पाचशे रुपये मिळायचे, ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. ही रक्कमही कित्येक जुन्या कागदांवर पाचशेच आहे.

आणि जुलाब. आपल्या आज्या चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर सांगायच्या. मग ओआरएसची पुडी आली, “एक पुडी, एक लिटर पाणी” हे सगळ्यांना पाठ झालं. पण दुकानात दोनशे मिलिलिटर पाण्यासाठीच्या छोट्या पुड्याही मिळतात. ती छोटी पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर औषध अगदी पातळ होतं. उलट मोठी पुडी पेलाभर पाण्यात टाकली तर फार तीव्र होतं, तेही बाळाला घातक. म्हणून आता शिकवायचं ते असं: पुडीवर पाण्याचं माप काय लिहिलंय ते आधी वाचा. सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. शिवाय, नावात ओआरएस लावलेली गोड पेयं बाजारात होती. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्या पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. नव्या ताईला हे माहीत नसेल तर ती आईला नुसतं “ओआरएस आणा” म्हणेल, आणि घरात गोड सरबताचा खोका येईल.

ऐकताना तुम्हाला वाटेल, एवढं सारखं बदलतं तर शिकवायचं तरी काय? तर सगळंच बदलत नाही. दारात उभं राहून आधी नाव विचारावं, घरातल्या सासूबाईंना डावलू नये, गरोदर बाईशी चार लोकांत बोलू नये, बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत, एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात नेऊ नये. हे पंधरा वर्षांपूर्वी खरं होतं, पुढेही राहील. हे जुन्या ताईकडूनच शिकावं, कारण ते कुठल्याच पुस्तिकेत तिच्यासारखं सापडत नाही.

म्हणून आम्ही वहीचे दोन भाग केले. पहिला भाग न बदलणाऱ्या गोष्टींचा, तो बांधीव वहीत. दुसरा भाग बदलणाऱ्या गोष्टींचा. वेळापत्रक, रक्कम, अटी, कागदपत्रं, फोन नंबर. तो सुट्या पानांच्या फाईलमध्ये. एका विषयाला एकच पान. नियम बदलला की ते एक पान काढायचं, नवं लावायचं. सगळी वही पुन्हा लिहावी लागत नाही, त्यामुळे कंटाळाही येत नाही.

प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात दोन गोष्टी लिहायच्या. हे कधी तपासलं ती तारीख, आणि कुणाला विचारून. “सिस्टरांना विचारून” किंवा “आलेल्या परिपत्रकावरून”. तारीख नसलेलं पान शिकवायला घ्यायचं नाही, मग ते कितीही सुवाच्य असो. मोबाईलवर फिरणाऱ्या फोटोंनाही हाच नियम. तक्त्याचा रंगीत फोटो आला की सगळ्या जणी पुढे पाठवतात, पण तो कुठल्या वर्षाचा, कुठल्या राज्याचा, हे फोटोत दिसत नाही. आधी विचारा, मग पाठवा.

फाईल एकीच्या नावावर असते. सगळ्यांची म्हटली की ती कुणाचीच राहत नाही. पाळीपाळीने सहा-सहा महिने एक ताई ती सांभाळते. महिन्याच्या बैठकीत तिने एकच प्रश्न विचारायचा, “या महिन्यात काय बदललं?” काही नसेल तर पाच मिनिटांत विषय संपतो. असेल तर पान तिथेच बदललं जातं.

आणि आता सगळ्यात अवघड काम. जुनं पान काढून टाकणं. आपल्याला टाकवत नाही. असू दे, कधी लागलं तर, म्हणून आपण जपून ठेवतो. नवं पान लावतो आणि जुनं मागे तसंच राहतं. आठ दिवसांनी कुणीतरी घाईत मागचं पान उघडते.

याबाबतीत एक फार मोठं उदाहरण आहे. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार. त्यातला दुसऱ्या प्रकारचा नैसर्गिक विषाणू जगात शेवटचा सापडला तो १९९९ साली, आपल्याच देशात, अलीगढला. त्यानंतर तिन्ही प्रकारांवरच्या जुन्या थेंबांमधला दुसरा भाग अनावश्यक झाला. उलट त्याचाच थोडा धोका उरला. मग जगातल्या दीडशेहून अधिक देशांनी २०१६ च्या एप्रिल-मे महिन्यात जुने थेंब थांबवून दोन प्रकारांवरचे नवे थेंब सुरू केले. भारताने त्यासाठी २५ एप्रिल २०१६ हा दिवस ठरवला. त्या दिवसापासून देशभर नवे थेंब. नवी लस पोहोचवणं हे अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं काम होतं प्रत्येक शीतपेटीतली, प्रत्येक फ्रिजमधली जुनी कुपी शोधून, परत मागवून नष्ट करणं. एखाद्या कोपऱ्यातली कुपीही राहून चालणार नव्हती.

आपल्या कागदांनाही तेच लागू. नवं पान लावताना जुनं हातात आलंच पाहिजे. त्याच्या झेरॉक्स कुणाकुणाकडे आहेत त्यांची नावं लिहून ठेवायची आणि मागून घ्यायच्या. भिंतीवरचा तक्ता उतरवायचा. इतिहास म्हणून एक प्रत ठेवायची असेल तर तिच्यावर लाल पेनाने आडवी रेघ मारून “जुनं” लिहायचं आणि वेगळ्या पिशवीत ठेवायची. पांढऱ्या रंगाने खोडून वर नवा आकडा लिहू नका. काय बदललं तेच मग कळत नाही.

नव्या ताईबद्दलही एक सांगायचं आहे. ती नवी असते म्हणून आपण तिला गप्प बसून ऐकायला सांगतो. पण वहीतली चूक तिलाच आधी दिसते. आपल्याला सवयीने सगळं पाठ असतं, वही उघडतो कोण? ती मात्र ओळ न् ओळ वाचते, आणि दारात वेगळं दिसलं की अडते. म्हणून पहिल्या महिन्यात तिच्याकडे एक छोटी डायरी द्यायची. वहीत एक आणि सिस्टरांनी केलं दुसरं, असं जिथे जिथे दिसेल ते तिने लिहायचं. आठवड्याने जुन्या ताईने शेजारी बसून ते वाचायचं. “तुला काय कळतंय” असं म्हणायचं नाही. एकदा म्हटलं, की ती पुन्हा विचारत नाही. मग चूक तशीच राहते आणि तिच्याही अंगवळणी पडते.

शिकवल्यावर “समजलं का?” एवढंच विचारू नका. नवी बाई “हो ताई” म्हणणारच. त्यापेक्षा म्हणा, “मी नऊ महिन्यांच्या बाळाची आई, मला सांग.” ती सांगायला लागली की काय राहिलं ते दोघींनाही कळतं.

आता आमचं काम बाजूला ठेवू आणि गाळ्यांकडे, दुकानांकडे वळू. तुमच्या भिंतीवर मदतीच्या नंबरांचा कागद चिकटवलेला असेल. नव्या मुलीला पहिल्या दिवशी तोच दाखवला जातो. त्यावर अजून “ठाणे ग्रामीण पोलीस” आहे का? मीरा-भाईंदर, वसई-विरारसाठी १ ऑक्टोबर २०२० पासून वेगळं पोलीस आयुक्तालय आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे, महिलांसाठी १८१ आहे. कागदावरचे बाकीचे नंबर एकदा स्वतः फिरवून बघा. रात्री अकराला घाबरलेल्या मुलीने बंद पडलेला नंबर फिरवत बसावं, हे आपल्याला चालेल का?

कायद्यांचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आपल्या तोंडी बसलेलं “चारशे अठ्ठ्याण्णव अ” आता कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. विनयभंगाचं ३५४ आता ७४ झालं. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच कलमं लागतात, हेही सोबत लिहा. नाहीतर नवा कागदही अर्धवटच.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. आपले बरेच गाळे त्याहून लहान. तिथल्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. नव्या मुलीला मशीन कसं चालवायचं हे पहिल्याच दिवशी सांगतात. हे मात्र, घडून गेल्यावर कुणीतरी सांगतं. आणि समितीतल्या ज्या बाईंचं नाव भिंतीवर आहे त्या नोकरी सोडून गेल्या असतील तर त्या यादीचा उपयोग काय? समितीतलं माणूस बदललं की नाव त्याच दिवशी बदला.

पोळीभाजी केंद्रवाल्या मैत्रिणींनो, नवी बाई येते तेव्हा तिला पिठाचं माप, मिठाचं माप तोंडी सांगता. पण डबे वाढले, गॅसची शेगडी बदलली, नवं पीठ मळायचं यंत्र आलं, तर भिंतीवरचा कागद तोच आहे का? नव्या यंत्रात हात कुठे घालायचा नाही हे जुन्या कागदावर असणारच नाही. यंत्र आलं त्याच दिवशी कागद लिहा. मालकीणबाईंना वेळ नसेल तर जी रोज यंत्र वापरते तिला लिहायला सांगा. तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

मैत्रिणींनो, नवं माणूस आपल्यावर विश्वास टाकून येतं. आपण देऊ तो कागद ते खरा मानतं, आणि तोच पुढे दहा घरी नेतं. कागद चुकीचा असला तर बोलणी त्याला बसतात, लिहिणारी तर केव्हाच निघून गेलेली असते. म्हणून कागद ताजा ठेवणं ही शिकवणारीची जबाबदारी आहे, शिकणारीची नाही.

या आठवड्यात एकच काम करा. तुमच्या कामाची वही, तक्ता, यादी, जे काही असेल ते खाली उतरवा. पहिल्या पानावर तारीख आहे का बघा. नसेल तर एकेक ओळ विचारून घ्या, बरोबर असेल तिथे आजची तारीख घाला, चूक असेल ते पान बदला, आणि जुनं पान परत खिळ्याला अडकवू नका.

आणि लहान बाळ घरात असलेल्या आयांनो, तुम्हालाही एक विनंती. आमच्यापैकी कुणी नवी ताई दारात आली तर तिला माता-बाल संरक्षण कार्ड दाखवा, आणि पुढच्या लसीला किती सुया, किती थेंब, हे तिला विचारा. तिला उत्तर देता आलं तर तुमची भीती जाईल. नाही आलं तर ती आम्हाला येऊन विचारेल, आणि आम्ही ते पान पुन्हा तपासू.

तुमचे प्रश्न केंद्राकडे जरूर पाठवा.